लोकार्पणानंतर मालकी कुणाची?

२३ ऑक्टोबर २०२४ रोजी कार्ल्सरुहमधल्या जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ड्रोनच्या फोटोंबद्दल एक निकाल दिला. रूर प्रदेशात कोळसा खाणींतून उपसलेल्या दगडमातीच्या प्रचंड टेकड्या आहेत, आणि खाणी मावळत गेल्या तशी त्यांतल्या अनेकींच्या माथ्यावर शिल्पं उभी राहिली. एका प्रकाशकाने या टेकड्यांची वाटाडी पुस्तकं काढली आणि त्यांत ड्रोनने वरून टिपलेले शिल्पांचे फोटो छापले. दृश्यकलावंतांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी बिल्ड-कुन्स्ट ही संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जिंकली. रस्त्यावर कायमच्या उभ्या असलेल्या कलाकृतीचा फोटो काढायची आणि तो छापायची मोकळीक जर्मन कायदा देतो. तिला तिथे ‘पानोरामाफ्रायहाइट’ म्हणतात. ती जमिनीवरून दिसणाऱ्या दृश्यापुरती आहे, आकाशातून दिसणाऱ्या दृश्याला ती लागू नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

त्यानंतर जो वाद चालू आहे, तो फार वाईट पद्धतीने चालू आहे असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, चौकात उभं आहे ते सगळ्यांचं, कुठूनही टिपा, कसंही वापरा. दुसरी बाजू म्हणते, कलावंताच्या घामावर तुम्ही कॅलेंडरं विकता, ही उघड लूट आहे. आणि तिसरी बाजू या दोघींना बाजूला सारून म्हणते, मुळात फोटो कशाला हवेत, डोळ्यांनी बघा की! माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जे शिल्प कायमचं म्हणून रस्त्यावर उभं केलं आहे, ते पायी चालणाऱ्या माणसाला जसं दिसतं तसं टिपायला, छापायला आणि विकायलासुद्धा कुणाची परवानगी लागू नये. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे ड्रोन, शिडी, समोरच्या खासगी घराची गॅलरी, हे कलावंताच्या हातात राहू द्यावं. कलावंताचा मोबदला शिल्प बसवताना द्यावा, आणि प्रत्येक फोटोखाली त्याचं नाव यावं.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे. पुतळ्यावरचा पडदा बाजूला होतो त्या सोहळ्याला आपण ‘लोकार्पण’ म्हणतो. जर्मन कायद्यामागचा विचारही हाच आहे: कलावंताने आपलं काम सार्वजनिक जागेत कायमचं ठेवू दिलं, म्हणजे ते त्याने जनसमूहाला वाहिलं. हा विचार आजचा नाही. १८७६ च्या कायद्यात रस्त्यांवरच्या आणि चौकांतल्या कलाकृतींच्या नकलेला मुभा होती, फक्त त्याच कलाप्रकारात नक्कल करायला बंदी होती. म्हणजे पुतळ्याचं चित्र चालेल, पुतळ्याचा पुतळा चालणार नाही. १९०७ च्या कायद्याने ती मुभा टिकवली आणि १९६५ च्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये ती आजही आहे. मधल्या काळात जर्मनीने सम्राट पाहिला, प्रजासत्ताक पाहिलं, हुकूमशाही पाहिली, फाळणी पाहिली. ही एवढी मुभा का टिकली असेल? अर्पण केलेली वस्तू परत मागायची नसते, हे सगळ्यांनाच पटत होतं म्हणून, असं मला वाटतं.

ही मुभा नसती तर काय झालं असतं, ते दोन शहरांकडे पाहिलं की कळतं. ब्रेमेनच्या नगरभवनाच्या कडेला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे आहेत. गेरहार्ड मार्क्स यांनी १९५३ मध्ये केलेलं हे ब्राँझचं शिल्प. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय हातांत धरून मनातली इच्छा बोलायची असा तिथला रिवाज, त्यामुळे ते पाय पितळी भांड्यासारखे चकाकतात आणि बाकी अंग काळपट राहतं. पुणेकरांना हे गाव परकं नाही, औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे. मार्क्स १९८१ मध्ये वारले. मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०५१ संपेपर्यंत हे शिल्प संरक्षित आहे. तरीही त्या गाढवाचं पोस्टकार्ड कुणीही छापू शकतो, शाळेच्या पुस्तकात ते येऊ शकतं, वर्तमानपत्र ते वापरू शकतं. आता उत्तरेला कोपनहेगनला चला. तिथली जलपरी एडवर्ड एरिकसन यांनी घडवली, १९१३ मध्ये ती समुद्रकाठी बसली. एरिकसन १९५९ मध्ये वारले, हक्क २०२९ अखेरपर्यंत वारसांकडे. ‘बेर्लिंग्स्के’ या दैनिकाने जलपरीचं एक व्यंगचित्र आणि तोंडाला मास्क लावलेला तिचा एक फोटो छापला, तर वारसांनी खटला भरला. खालच्या दोन न्यायालयांत दैनिक हरलं, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सुटलं. दोन्ही शिल्पं परीकथांतली, दोन्ही आपापल्या शहराची ओळख. पण एका शहराचे नागरिक आपल्या खुणेकडे मोकळेपणाने पाहतात, आणि दुसऱ्या शहरातल्या संपादकाला आपल्याच शहराची खूण छापण्याआधी वकिलाला विचारावं लागतं. यातलं कोणतं शिल्प खऱ्या अर्थाने लोकार्पण झालेलं म्हणायचं?

इथे एक गोष्ट वादात कुणी फारशी बोलत नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विक्षिप्त शिल्प शहराचं होतं ते उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. म्युन्स्टरचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात जॉर्ज रिकी यांचं फिरत्या चौकोनांचं शिल्प शहरात येणार म्हटल्यावर लोक खवळले. त्या चिडीला उत्तर म्हणून १९७७ मध्ये शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि ते पुढे दर दहा वर्षांनी भरत आलं. पहिल्याच वेळी क्लेस ओल्डेनबर्ग यांनी आझे तळ्याकाठी काँक्रीटचे तीन अवाढव्य गोळे ठेवले, साडेतीन मीटर व्यासाचे, बिलियर्डच्या चेंडूंसारखे. काही तरुणांनी ते तळ्यात ढकलून द्यायचा प्रयत्न केला. आज त्याच गोळ्यांच्या सावलीत लोक सतरंज्या पसरून बसतात. कॉन्स्टान्सच्या बंदरातली इम्पेरिया तर याहून धीट. पेटर लेंक यांनी १९९३ मध्ये उभी केलेली ही ९ मीटर उंच, १८ टन वजनाची गणिका स्वतःभोवती संथपणे फिरत राहते, आणि तिच्या दोन तळहातांवर दोन उघडेबोडके पुरुष बसले आहेत, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर सम्राटाचा. १४१४ ते १४१८ या काळात याच गावात भरलेल्या चर्चच्या महासभेवरचं हे भाष्य. विरोध जोरदार झाला. जागा रेल्वेची होती म्हणून ती टिकली. आज कॉन्स्टान्स म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते.

चीड ते आपलेपणा हा प्रवास कशामुळे झाला? ठराव करून तो होत नाही. माणसं शिल्पासमोर आपल्या मुलांना उभं करतात, फोटो काढतात, आजीला पाठवतात, भिंतीवर लावतात. वीस वर्षांनी तोच मुलगा आपल्या मुलाला तिथे नेतो. हायडेलबर्गच्या जुन्या पुलाजवळ गेर्नोट रुम्फ यांनी १९७९ मध्ये बसवलेलं माकड आहे, हातात आरसा धरलेलं, डोकं आतून पोकळ. तिथे आलेला प्रत्येक जण त्या पोकळीत आपलं डोकं घालून फोटो काढून घेतो. तो फोटो काढला जाईपर्यंत ते शिल्प अपुरंच आहे, असं मी म्हणेन. कासेलचं उदाहरण याहूनही बोलकं. तिथे जोनाथन बोरोफ्स्की यांनी १९९२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी आकाशाकडे तिरका गेलेला २५ मीटरचा पोलादी खांब उभा केला, त्यावरून एक माणूस वर चालत निघाला आहे. प्रदर्शन संपल्यावर ते जाऊ नये म्हणून कासेलकरांनी वर्गणी काढून ते ठेवून घेतलं. वर्गणी काढणाऱ्या माणसाला तुम्ही सांगणार का, की फोटो काढलास तर काढ, पण छापायचा असेल तर अर्ज कर?

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं. कलावंताच्या पैशाचा मुद्दा खोटा नाही. पोस्टकार्ड विकणारा कमावतो, हॉटेलवाला कमावतो, शहराचं पर्यटन खातं त्या शिल्पाचं चित्र प्रत्येक माहितीपत्रकावर छापतं, आणि ज्याने ते घडवलं त्याला त्यातून काही मिळत नाही. शिल्पकाराचं आयुष्य सुबत्तेचं असतं असं कुणी समजू नये. शिवाय सार्वजनिक जागेत दिसणारी प्रत्येक गोष्ट अर्पण केलेली असते असंही नाही. ख्रिस्टो आणि जान-क्लोद यांनी १९९५ च्या जून-जुलैमध्ये बर्लिनचं संसद भवन कापडात गुंडाळलं. दोन आठवड्यांत सुमारे ५० लाख लोक ते पाहायला आले. त्यासाठी त्यांनी सरकारचा एक पैसा घेतला नाही, आपली रेखाटनं विकून खर्च उभा केला. कुणी तरी त्याची पोस्टकार्डं छापली, वाद न्यायालयात गेला, आणि २००२ मध्ये निकाल कलावंतांच्या बाजूने लागला, कारण ते काम ‘कायमचं’ नव्हतं. मला तो निकाल पूर्ण पटतो. त्यांनी ते दृश्य दोन आठवडे दाखवलं होतं, दिलं नव्हतं. पाहुणा म्हणून आलेल्या वस्तूवर घरच्या वस्तूसारखा हक्क सांगता येत नाही.

पण कायमच्या शिल्पाचं काय? तिथे मोबदल्याची जागा वेगळी आहे. जर्मनीच्या संसदेने १९५० मध्येच शिफारस केली की सरकारी इमारतींच्या खर्चातला किमान १ टक्का कलेवर व्हावा. ‘कुन्स्ट आम बाउ’ या नावाने ती प्रथा चालत आली. कलावंताला पैसे मिळायचे ते इथे, करार होताना, आणि ते त्याला चांगले मिळावेत यासाठी कलावंतांच्या संघटनांनी शहरांशी भांडावं. त्या भांडणात मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. काम कायमचं राहणार आहे, हजारो लोक त्याची चित्रं काढणार आहेत, हे मानधन ठरवतानाच दोन्ही पक्षांना माहीत असतं. ते मानधन तुटपुंजं असेल तर दोष करारात आहे. तो दूर करायला रस्त्याने जाणाऱ्याकडून वसुली का? आणि ती वसुली प्रत्यक्षात होतेच असंही नाही. जिथे परवानगी लागते तिथे छोटा प्रकाशक हक्कदार शोधत बसत नाही, तो ते चित्रच गाळतो. बेल्जियमने २०१६ मध्ये कायदा बदलला, त्याआधी ब्रसेल्सच्या अवाढव्य गोळ्यांच्या वास्तूची, म्हणजे अ‍ॅटोमियमची चित्रं विकिपीडियावर अ‍ॅटोमियम पुसून किंवा काळं करून लावली जात. त्यातून ती वास्तू घडवणाऱ्याच्या वारसांना काय मिळालं? पैसाही नाही आणि प्रसिद्धीही नाही.

‘मग फक्त व्यापारी वापराला परवानगी लावा’, ही तडजोड ऐकायला फार समंजस वाटते. फ्रान्सने २०१६ मध्ये जवळपास तेच केलं: मुभा फक्त व्यक्तींना, संस्थांना नाही, तीही व्यापारी वापर सोडून. त्याच्या आदल्या वर्षी युरोपीय संसदेतही हेच घडू घातलं होतं. जर्मनीच्या खासदार युलिया रेडा यांनी ही मोकळीक युरोपभर पसरवावी असा अहवाल मांडला. समितीत फ्रान्सचे झाँ-मारी काव्हादा यांच्या दुरुस्तीने तो उलटा फिरला आणि व्यापारी वापराला हक्कदाराची परवानगी हवी असं कलम त्यात घुसलं. पाच लाखांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या, आणि ९ जुलै २०१५ रोजी संसदेने ते कलम फेटाळलं. काव्हादांचा एक युक्तिवाद मात्र वजनदार होता: या मोकळिकीचा खरा फायदा अमेरिकेतल्या बलाढ्य कंपन्यांना होतो, लोक फुकट चित्रं चढवतात आणि कंपन्या त्यांवर जाहिराती विकतात. हे वर्णन खरं आहे. पण नियम कुणाला लागला असता? त्या कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं की चित्रांचे हक्क तुमच्याकडेच आहेत अशी हमी तुम्ही देता. म्हणजे खटला झाला तर तो म्युनिकमध्ये नोकरी करून सुटीच्या दिवशी गावोगावच्या शिल्पांचे व्हिडिओ करणाऱ्या मराठी मुलीवर झाला असता, कारण त्या व्हिडिओखाली महिन्याला चार पैशांची जाहिरात येते. ती मुलगी व्यापारी की हौशी? व्याख्यान देऊन मानधन घेणारा इतिहासाचा शिक्षक व्यापारी का? देणगीमूल्य छापलेला दिवाळी अंक व्यापारी का? ही रेघ आखायला गेलं की मोठे लोक वकील लावून पलीकडे जातात आणि लहान माणसं कुंपणात अडकतात.

तिसऱ्या बाजूचा, म्हणजे ‘फोटोच नको’ म्हणणाऱ्यांचा, सगळ्यांत जोरकस दाखला बर्लिनच्या होलोकॉस्ट स्मारकाचा असतो. पेटर आयझेनमन यांनी आखलेलं, २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं, २००५ मध्ये खुलं झालेलं ते मैदान. तिथे उड्या मारत, योगासनं करत काढलेले फोटो लोक टाकत होते. २०१७ च्या जानेवारीत शाहाक शापिरा या कलावंताने अशा बारा फोटोंमागचे ठोकळे काढून त्या जागी छळछावण्यांतल्या प्रेतांची दृश्यं जोडली. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं. मलाही त्या उड्या बघवत नाहीत. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? शापिरांनी त्या माणसांना लाज वाटायला लावली, आणि बाराही जणांचे फोटो मागे घेतले गेले. हे काम शिष्टाचाराचं होतं आणि ते शिष्टाचारानेच झालं. त्याला परवान्याचा कायदा लागला नाही. शोभतं काय आणि चालतं काय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते मिसळले की वाद गढूळ होतो. आणि कॅमेरा आला की आदर गेला, हेही खरं नाही. गुंटर डेमनिग यांच्या ‘श्टोल्परश्टाइन’, म्हणजे नाझींच्या बळींच्या अखेरच्या राहत्या घरासमोर फरसबंदीत बसवलेल्या दहा सेंटिमीटरच्या पितळी चकत्या, त्यांचा फोटो काढायचा तर वाकावं लागतं. वाकल्यावर नाव वाचलं जातं. दूर देशात विखुरलेल्या एखाद्या कुटुंबाला आपल्या पणजीच्या नावाची चकती दिसते ती कुणा अनोळखी माणसाने वाकून काढलेल्या फोटोतच.

आता ड्रोनकडे वळतो, कारण इथे माझी बाजू घेणारे बरेच जण माझ्यावर नाराज होतील. निकाल बरोबर आहे असं मला वाटतं. एसेनमधल्या शुरेनबाख टेकडीवर रिचर्ड सेरा यांनी १९९८ मध्ये साडेचौदा मीटर उंचीचा एकच पोलादी पत्रा उभा केला. टेकडीचा माथा काळा, उजाड, त्यावरून चालत त्या पत्र्याकडे जायचं, तो हळूहळू मोठा होत जाणार, हीच त्या कामाची घडण आहे. डुइसबुर्गला हाइके मुटर आणि उलरिख गेंट यांचं ‘टायगर अँड टर्टल’ आहे, २०११ चं, पायऱ्यांचा रोलर-कोस्टर. लांबून वाटतं की हे सुसाट वेगाचं काही तरी आहे. टेकडी चढून गेल्यावर कळतं की इथे कासवाच्या गतीने एकेक पायरी चढायची आहे, आणि मधल्या उलट्या वळणावरून तर चालताच येत नाही. लोकार्पण झालं आहे ते या दृश्याचं, पायांनी मिळवलेल्या. वरून दिसणारा आकार कलावंताने कुणाला दिलेला नाही. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या हुंडर्टवासर यांच्या इमारतीबद्दल याच न्यायालयाने हेच म्हटलं होतं: समोरच्या खासगी घरातून काढलेला फोटो या मोकळिकीत बसत नाही. मोकळिकीला पायवाटेची मर्यादा आहे म्हणूनच ती दीडशे वर्षं टिकली. ती मर्यादा काढून टाका, आणि कलावंत सगळीच मोकळीक रद्द करा म्हणून उभे राहतील, तेव्हा त्यांना चूक म्हणणं अवघड जाईल.

ज्यांना टेकडी चढता येत नाही त्यांचं काय, असा प्रश्न एका मैत्रिणीने मला विचारला. तिचे वडील चाकाच्या खुर्चीत असतात. या प्रश्नाचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढंच सांगू शकतो की अशा माणसाला सगळ्यांत जास्त आधार असतो तो इतरांनी जमिनीवरून काढलेल्या चित्रांचा, आणि ती विनापरवाना मिळत राहणं म्हणूनच जास्त गरजेचं आहे. ड्रोनच्या चित्रासाठी परवानगी मागता येते. प्रत्येक पोस्टकार्डासाठी ती मागावी लागणं परवडणारं नाही.

राहिलं नाव. ज्या कायद्याने ही मोकळीक दिली त्यानेच कलम ६३ मध्ये उगम सांगायची अट घातली आहे आणि कलम ६२ मध्ये कलाकृतीत बदल करायला मनाई केली आहे. हे आपण सर्रास विसरतो. ‘ब्रेमेनचं गाढव’ लिहितो, मार्क्स लिहीत नाही. ‘कॉन्स्टान्सची बाई’ लिहितो, लेंक लिहीत नाही. मोकळीक मागणाऱ्यांनी हे कर्ज रोख चुकतं करायला हवं. मी स्वतः माझ्या जुन्या फोटोंना एक एक करून नावं लावायला बसलो आहे, आणि काही गावांत शिल्पाजवळ शिल्पकाराचं नाव कुठेच सापडत नाही, तिथे नगरपालिकेला पत्र लिहितो. फ्रायबुर्गच्या कॅथेड्रलवर शहराकडे पार्श्वभाग करून बसलेला पाण्याचा पन्हाळा आहे, तो घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव आता मिळणार नाही. आजच्या कुणाच्या वाट्याला ते का यावं?

कासेलमध्ये १९८२ साली योझेफ बॉइस यांनी ७,००० ओक लावायला घेतले, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगड. सगळे दगड आधी संग्रहालयासमोरच्या मैदानात रचले होते. एक झाड लागलं की ढिगातला एक दगड कमी व्हायचा. शहराला तो ढीग आवडत नव्हता, आणि तो संपवायचा एकच मार्ग होता, झाडं लावणं. बॉइस १९८६ मध्ये गेले, शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं. लागवडीच्या वेळी दगड रोपट्याच्या बरोबरीने उठून दिसायचा, आज तो बुंध्याजवळ बसलेल्या मुलासारखा दिसतो. या कलाकृतीवरचा हक्क २०५६ च्या अखेरपर्यंत चालेल. पण झाड आणि दगड यांचं हे बदलत गेलेलं नातं, जे या कामाचं सगळं मर्म आहे, ते पुढच्यांना कुठे बघायला मिळणार? कुणा एका संग्रहात सात हजार झाडांची दरसालची चित्रं मावणार नाहीत. ती कासेलच्या घराघरांत आहेत: शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर घेऊन दगडावर बसलेली मुलगी, तिच्यामागे मनगटाएवढं खोड, आणि मग त्याच दगडावर तिची मुलगी, मागचं खोड आता दोन हातांच्या कवेत न मावणारं.